दुनळीच्या जुन्या नळ्या: आधी मोजमाप, मग घासकाम, मग रंग

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत, पणजोबांच्या काळातली दुनळी बंदूक अजून सापडते. परवाना वारसाच्या नावावर झालेला असतो. खंडेनवमीला ती पाटावर येते, गंध-अक्षता लागतात आणि पुन्हा गवसणीत जाते. कधीतरी कुणाच्या लक्षात येतं की नळ्यांचा तपकिरी रंग उडालाय, डाव्या हाताने धरायच्या जागी पांढरं लोखंड दिसतंय आणि तोंडाजवळ गंजाचे ठिपके आलेत. मग पॉलिश पेपर येतो आणि घासणं सुरू होतं. बहुतेक नळ्यांचं खरं नुकसान तिथे होतं. नळीचं आयुष्य तिच्या जाडीत असतं, आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. म्हणून इथे सांगितलेलं काम मापाने सुरू होतं. रंग सगळ्यात शेवटी.

बंदूक रिकामी आहे का

काडतुसाची दुनळी असेल तर ती मोडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, पाहा. बोट घालून चाचपा, उजेडाकडे धरून आरपार बघा. मधमाश्यांची पोळी, कोळ्याची जाळी, जुन्या चिंधीचा बोळा, काहीही अडकलेलं असू शकतं.

ठासणीची बंदूक असेल तर जास्त सावध राहा. अशा बंदुका भरलेल्या अवस्थेत भिंतीवर टांगलेल्या असतात आणि घरात ते कुणालाच ठाऊक नसतं. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेटते. लाकडी गज नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवा. गजाचं टोक निपलच्या, म्हणजे बार पेटवणारी टोपी बसते त्या, जागेपर्यंत पोहोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असंच समजा. तो स्वतः काढू नका. तापवणं, ड्रिल लावणं, आत पाणी ओतून ठोकणं यातलं काहीही करू नका. परवानाधारक कारागिराला बोलवा.

कायद्याच्या मर्यादा

शस्त्र कायदा, 1959 मधल्या तीन गोष्टी या कामाशी थेट जोडलेल्या आहेत. बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करायला वेगळा परवाना लागतो. मालकाचा बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. नळी आखूड करण्यावर स्वतंत्र बंधन आहे, त्यामुळे तोंडाशी फुटलेली नळी दोन इंच कापून टाकू हा विचार डोक्यातून काढा. आणि बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. घासकाम करणाऱ्याने हे तिसरं कलम डोक्यात पक्कं ठेवावं, कारण नंबर घासला जायला एक दुपार पुरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा वारशाने आलेली तिसरी असेल तर आधी ती बाब मार्गी लावा.

व्यवहारात विभागणी अशी ठेवा: सफाई, तपासणी, तेल आणि वरच्या रंगाची निगा घरी, पोचे उठवणं, रिब (दोन नळ्यांमधली पट्टी) डाखणं, रीमर किंवा लॅप ही आतून घासणारी हत्यारं फिरवणं, सांधा आवळणं हे परवानाधारक कारागिराकडे. रंगाचं काम घरी करावं का याची शंका असेल तर कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत विचारा आणि तेही कारागिराकडे द्या. तरीही पुढची माहिती उपयोगी पडेल, कारण काम कसं व्हायला हवं हे मालकाला माहीत असलं की कारागीर बफिंगच्या चाकाकडे वळत नाही.

नळी कशाची आहे

जुन्या नळ्या दोन जातींच्या. एक दमास्कस: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, घणाखाली एकजीव केलेली नळी. बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधलं लिएज ही त्यांची मोठी केंद्रं. दुसरी एकसंध पोलादाची. तिच्यावर पुष्कळदा पोलादाचं नाव कोरलेलं असतं: व्हिटवर्थ, सीमेन्स, क्रुप.

रंग उडालेल्या दमास्कसवर नक्षी दिसत नाही, ती साध्या लोखंडासारखी वाटते. ओळखायचं असेल तर पुढचं लाकूड काढा. त्याच्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागात नखाएवढी जागा 600 नंबरच्या पॉलिश पेपरने उजळ करा, ॲसिटोनने पुसा आणि फेरिक क्लोराईडच्या पातळ द्रावणात बुडवलेला कापूस दहा सेकंद टेकवा. वळणावळणाच्या रेघा उमटल्या तर दमास्कस. पाण्याने धुवा, सोड्याच्या पाण्याने पुसा, तेल लावा. आधीपासून दिसणारी नक्षी त्या जागी घासल्याबरोबर नाहीशी झाली आणि द्रावणानेही परत आली नाही, तर ती साध्या नळीवर वरून उठवलेली नकली नक्षी आहे. असा माल त्या काळी पुष्कळ विकला गेला. तो घासलात तर नक्षी कायमची गेली.

दमास्कस नळीतून आजचं धूरविरहित दारूचं काडतूस उडवायचं नाही. वरून सुंदर दिसणाऱ्या नळीत जोडांच्या आत जुन्या धातुमळीचे धागे असतात आणि त्यांतून गंज आत शिरलेला असतो. तो कुठल्याही गेजला कळत नाही. अशी नळी सांभाळायची, दाखवायची आणि पूजायची.

खुणा वाचा

नळ्या सुट्या करून बुडाशी खालच्या सपाट भागावर भिंग धरा. मुकुटाखाली बी पी, बी व्ही अशी अक्षरं बर्मिंगहॅमची. तिथलं प्रूफ हाऊस, म्हणजे नळ्या जादा दाबाने तपासून खूण मारणारी संस्था, 1813 चं. लंबगोलात ई एल जी ही लिएजची खूण. “नॉट फॉर बॉल” असं कोरलेलं असेल तर ती चोक (तोंडाशी आवळलेलं भोक) असलेली, 1875 ते 1887 मधली इंग्रजी नळी. “नायट्रो प्रूफ” नसेल तर ती काळ्या दारूपुरतीच तपासलेली आहे.

त्याच जागी आतल्या व्यासाचा आकडा असतो. बारा बोअरमध्ये 13/1 म्हणजे 0.719 इंच, 12 म्हणजे 0.729, आणि 12/1 म्हणजे 0.740. चेंबरची लांबीही तपासा. जुन्या बंदुकांत ती पुष्कळदा अडीच इंच, म्हणजे 65 मिलिमीटर असते. 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, पण सुटताना त्याची घडी पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. एकसंध पोलादाची नळी सुस्थितीत असली तरी ही चूक तिला महागात पडते.

या सगळ्या खुणांचे, नंबराचे आणि नावाचे फोटो काम सुरू करण्याआधी काढून ठेवा. नंतर त्या जागेवर कापडी चिकटपट्टी लावा. पुढच्या कुठल्याही टप्प्यात तिथे पॉलिश पेपर जायचा नाही.

मोजमाप

दोन मापं लागतात: आतला व्यास आणि भिंतीची जाडी.

आतला व्यास बोअर गेजने बुडापासून नऊ इंचांवर घ्या, कारण प्रूफची खूण त्या जागेच्या मापाची असते. खुणेच्या आकड्यापेक्षा व्यास 0.010 इंचाने, म्हणजे पाव मिलिमीटरने वाढलेला असेल तर नळी जुन्या प्रूफच्या बाहेर गेली. 12 ची खूण आणि मापात 0.741 आलं, तर कुणीतरी खड्डे घालवायला ती आतून पूर्वीच घासलेली आहे. एवढं एक माप बंदुकीचा अर्धा इतिहास सांगतं.

भिंतीची जाडी साध्या व्हर्नियरने मोजता येत नाही. व्हर्नियर तोंडाशीच पोहोचतो, आणि चोकमुळे तिथली भिंत जाड असते. त्यामुळे तोंडाचं माप बघून लोक निर्धास्त होतात. नळी सगळ्यात पातळ असते ती पुढच्या अर्ध्या भागात, चोकच्या अलीकडे. त्यासाठी लांब दांडीवर डायल बसवलेला वॉल थिकनेस गेज लागतो. तो चांगल्या कारागिराकडे असतो. प्रत्येक नळीवर दर दोन इंचांवर चारी बाजूंनी माप घ्या आणि कागदावर नळीचं चित्र काढून त्यावर आकडे मांडा. एकाच जागी चार बाजूंचे आकडे वेगळे आले तर घाबरू नका, जुन्या नळ्यांत भोक थोडं एका बाजूला सरकलेलं असतं. महत्त्वाचा आकडा सगळ्यात लहान.

बारा बोअरला 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही व्यवहारात मानलेली खालची हद्द. तिच्या जवळ आलेली नळी पॉलिश पेपरने घासायचीच नाही. तेल, मऊ स्टील वूल आणि मेण, बस. हिशेब साधा आहे. जुना रंग आणि हलका गंज पुरता उतरवताना 0.02 ते 0.05 मिलिमीटर धातू जातो. बाहेरचा 0.1 मिलिमीटर खोल खड्डा “घालवायचा” म्हणजे त्याच्याभोवतीची सगळी भिंत तेवढी उतरवायची. जिथे 0.6 होतं तिथे 0.5 उरलं. त्या एका खड्ड्यासाठी नळी हद्दीवर आली. खड्डे राहू द्या. रंग चढल्यावर ते फारसे डोळ्यांत येत नाहीत.

रिब वाजवून पाहा, पोचे शोधा

दोन नळ्यांमधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या, म्हणजे रिबा, शिशा-कथलाच्या नरम डाखाने जोडलेल्या असतात. नळ्यांचा जोड बुडाखालच्या हुकातून एका बोटावर मोकळा लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. रिबा घट्ट असतील तर देवघरातल्या घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद येतो. कुठे सुटल्या असतील तर आवाज बद्द येतो किंवा झणझणतो. पुढचं लाकूड आणि सगळे सुटे भाग काढूनच ही परीक्षा घ्या, नाहीतर त्यांचाच खडखडाट ऐकू येतो. नाद बद्द असेल तर उकळत्या पाण्याचं काम तिथेच थांबवा: पाणी रिबेखाली जाईल, बाहेर येणार नाही आणि आतून नळी खाईल. आधी रिब पुन्हा डाखून घ्यायची.

पोचे शोधायला नळी खिडकीकडे रोखा, अशी की खिडकीच्या वरच्या चौकटीची सावली आत रेघ होऊन पडेल. नळी हळूहळू फिरवा. रेघ सरळ धावत असेल तर ठीक. जिथे ती लचकते किंवा तुटते तिथे पोचा आहे. पूर्ण गोल काळं कडं दिसलं तर तो फुगवटा, म्हणजे कधीतरी अडथळा असताना बार झालेला. फुगलेली नळी पुन्हा उडवायची नाही.

पोचा उठवल्याशिवाय बाहेरून घासू नका. घासणारा हात पोच्याच्या कडा उतरवतो, नंतर कारागीर आतून तो उठवतो, आणि नेमकी तीच जागा पातळ होऊन बाहेर येते. उठवण्याची रीत अशी की नेमक्या मापाचा पितळी किंवा पोलादी ठोकळा आतून दाबात ठेवायचा आणि बाहेरून पितळी हातोडीने हलके ठोके देत धातू जागेवर आणायचा. मापाचे ठोकळे नसलेल्या माणसाच्या हाती हे काम देऊ नये.

आतली सफाई

जुन्या नळीच्या आत मिळणारा मळ तीन थरांचा असतो. वर वाळलेलं तेल. आपल्याकडे मोहरीचं किंवा जवसाचं तेल लावायची रीत होती. ती तेलं वाळून लाखेसारखी होतात. त्यासाठी रॉकेल भरलेली चिंधी एक रात्र आत ठेवा, सकाळी काशाच्या तारांचा ब्रश फिरवा. ब्रश नेहमी बुडाकडून घालून तोंडातून बाहेर काढायचा. मधेच उलटा फिरवला तर तारा मोडून आत अडकतात.

दुसरा थर शिशाचा: चेंबरच्या पुढे आणि चोकजवळ चकचकीत करड्या रेघा. ब्रशवर काशाच्याच बारीक तारांचा चोथा गुंडाळून, सॉल्व्हंटसह, चिकाटीने काढा. पारा वापरायचा जुना उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. त्याची वाफ विषारी आहे.

तिसरा थर मिठाचा, आणि खड्ड्यांचं मूळ तेच. काळ्या दारूची राख आणि जुन्या टोप्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटने मागे ठेवलेलं क्षार हवेतलं पाणी ओढतं. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे तेल लावून ठेवलेली नळी तेलाखालीच गंजत राहते. त्याला गरम पाणी हवं. नाद स्वच्छ आलेल्या नळ्यांतून चांगलं कढत पाणी नरसाळ्याने दोन-तीनदा ओता, कापडाने कोरडं करा, मग तेल.

एवढं केल्यावर आत जे काळे डाग उरतील ते डाग नाहीत, खड्डे आहेत. ते ब्रशने निघत नाहीत. ड्रिल मशीनला पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवायची रीत सर्रास दिसते. ती सगळ्यात वाईट. पेपर एका जागी रेंगाळतो, तिथे आत लाट पडते आणि चोकची कड बोथट होते.

बाहेरचं घासकाम

आधी काहीच न घासता पाहा. गंजावर मशीनचं पातळ तेल लावा, एक दिवस थांबा, आणि 0000 नंबरच्या स्टील वूलने तेलातच हलकं चोळा. पुष्कळदा लाल गंज निघतो आणि खाली जुना तपकिरी रंग शाबूत सापडतो. तसं झालं तर काम संपलं, मेण लावा. मूळ रंग, विरळ असला तरी, नव्या रंगापेक्षा मोलाचा.

रंग पुरता गेलेला असेल आणि जाडी परवानगी देत असेल, तरच पुढे जा. 320 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग 400, मग 600. पेपर बोटाखाली धरायचा नाही. सपाट लाकडी पट्टीच्या मागे धरायचा आणि नळीच्या लांबीच्या दिशेने लांब हात मारायचे. बोटाखालचा पेपर खड्ड्यात उतरतो आणि नळीवर लाटा येतात. उजेडात धरल्यावर त्या दिसतात आणि रंग चढला की दुप्पट दिसतात. रिब जिथे नळीला मिळते त्या कोपऱ्यात पेपर घडी करून, लाकडी काडीने. रिबेवरच्या नावाभोवती तर 600 च्या खाली जाऊच नका.

बफिंगचं चाक नको. ते कोरीव अक्षरांच्या कडा गोल करतं, छिद्रांच्या कडा ओढतं, आणि इतका चकचकाट आणतं की गंजाचं द्रावण त्या पृष्ठभागाला नीट धरत नाही. विटेचा चुरा, राख, चिंच ही तांब्या-पितळेची साधनं तिथेच राहू द्या.

रंग म्हणजे ताब्यात ठेवलेला गंज

दुनळीला गरम ब्लूइंग कधीही करून घेऊ नका. त्यात कॉस्टिक आणि नायट्रेटचं मिश्रण 140 अंशांच्या आसपास उकळतं, रिबेचा डाख खातं आणि सांध्यात शिरून वर्षानुवर्षं पांढरं पाझरत राहतं. दुनळीची रीत एकच: सावकाश गंज चढवणं.

ग्वाल्हेरात हे काम ऋतू बघून करावं. मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. द्रावण लावल्या लावल्या सुकतं, गंज धरतच नाही. जानेवारीच्या थंडीत तो फार हळू येतो. श्रावण-भाद्रपदाची दमट हवा सगळ्यात चांगली, आणि तेव्हा केलं तर खंडेनवमीच्या आत बंदूक तयार होते. उन्हाळ्यात करायचंच असेल तर प्लायवूडचं उभं खोकं करा, खाली कोमट पाण्याचं पातेलं, त्याच्या बाजूला 40 वॅटचा बल्ब, आत आर्द्रतामापक. 25 ते 30 अंश आणि 70 ते 80 टक्के आर्द्रता साधली की झालं. नळीवर दव जमायला नको. थेंब ओघळला की तिथे पट्टा पडतो.

द्रावण: 100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 4 ग्रॅम फेरिक क्लोराईड आणि 1 ग्रॅम मोरचूद. फेरिक क्लोराईड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, सर्किट बोर्डासाठीचं मिळतं. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीचं पाणी. जुन्या नुसख्यांत रसकापूर असतो. तो पाऱ्याचा जहाल क्षार आहे, त्याच्या नादी लागू नका. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच.

दोन्ही नळ्यांच्या दोन्ही टोकांना हातभर लांब लाकडी खुंट्या घट्ट बसवा. आतला ओलावा अडतो आणि नळीला हात न लावता ती धरता येते. मग तेल काढा: आधी ॲसिटोन, नंतर खायच्या चुन्याची पाण्यातली पातळ लापशी कापसाने सगळीकडे चोळून, वाहत्या पाण्याने धुऊन. पाणी नळीवर सलग पडद्यासारखं पसरलं पाहिजे. कुठेही थेंब जमून मागे सरकले तर तिथे अजून तेल आहे; पुन्हा चुना. इथून पुढे उघडं बोट नळीला लागलं तर त्याचा ठसा रंगात कायम राहील.

कापसाचा बोळा द्रावणात बुडवून पिळा, जवळजवळ कोरडा वाटेल इतका. बुडापासून तोंडापर्यंत एकच लांब हात, शेजारी दुसरा. गेलेल्या जागेवर परत फिरवू नका. नळी खोक्यात उभी टांगा. तीन ते आठ तासांत केशरी, मखमली गंजाची साय दिसेल. पहिल्या दोन हातांना ठिपके-ठिपके येतात, ते चालायचंच.

आता नळीची जात बघून दोन वाटा. पोलादी नळी काळी हवी असेल तर खुंट्या काढून डिस्टिल्ड पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. केशरी गंजाचं काळ्या ऑक्साईडमध्ये रूपांतर होतं आणि ते पोलादाला धरून राहतं. टाकी स्टेनलेस स्टीलची, साधारण 90 सेंटिमीटर लांब. 28 ते 30 इंची नळ्या तिरक्या न करता बसतात. बोअरिंगचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. बाहेर काढल्यावर आतून लगेच कोरडी चिंधी फिरवा. तपकिरी दमास्कस हवी असेल तर उकळू नका, फक्त कढत पाणी ओता.

दोन्ही वाटांत त्यानंतर तेलविरहित 0000 स्टील वूलने किंवा मऊ तारेच्या ब्रशने वरची सैल भुकटी अलगद उतरवायची. बाजारचं स्टील वूल तेलकट असतं. ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवल्याशिवाय वापरू नका. मग पुन्हा द्रावण. असे सहा ते दहा हात.

दमास्कसला दोन-तीन हातांनंतर नक्षी उठवावी लागते. बाजारातलं द्रवरूप फेरिक क्लोराईड वीसपट पाण्यात घाला, नळीवर पाच ते दहा सेकंद फिरवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. दोन धातूंपैकी एक गडद राहतो, दुसरा उजळतो, आणि ओल्या नळीवर एकाएकी पिळाच्या वळ्या सुटून दिसू लागतात, बुडाशी दाट, तोंडाकडे ताणलेल्या. तिथेच थांबायला शिकावं लागतं. आणखी पाच सेकंद म्हणजे चढवलेला रंगच उतरला.

काय बिघडतं

नळीवर तांबूस तांब्याची झाक आली: बोळा फार ओला होता, मोरचुदातलं तांबं बसलं. स्टील वूलने काढा आणि पुढचा हात कोरडा ठेवा. डाग पडून रंग धरत नाही: तेल राहिलं, बहुधा रिबेच्या कडेतून उकळताना बाहेर आलं. त्या वेळी सगळी नळी पुन्हा चुन्याने धुवा, नुसती जागा नाही. रंग खरखरीत, दाणेदार झाला: खोक्यात जास्त वेळ राहिली किंवा दव जमलं. 600 च्या पेपरने हलकं उतरवून दोन हात मागे जा.

सगळ्यात फसवा बिघाड नंतरचा. काम उत्तम झालं, तेल लावलं, आणि चार दिवसांनी केशरी भुकटी पुन्हा वर आली. द्रावणातलं क्लोराईड छिद्रांत उरलं की गंज चालू राहतो. म्हणून शेवटच्या हातानंतर लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून नळी दहा मिनिटं धुवा, मग साधं डिस्टिल्ड पाणी, मग वाळवणं. रिबेखाली पाणी गेल्याची जरा जरी शंका असेल तर तोंड खाली करून दोन दिवस कोरड्या, उबदार जागी टांगा. गरम असतानाच मशीनचं तेल भरपूर लावून रात्रभर ठेवा. आठवडाभर रोज पाहा. भुकटी दिसली तर पुसा, पुन्हा सोडा, पुन्हा तेल. उरलेली द्रावणं सोडा घालून शांत करा, नळाखाली तशीच ओतू नका.

नंतरची निगा

आतून पातळ तेलाचा हात, बाहेरून मेणाचा पातळ थर. गवसणीत, चामड्याच्या पेटीत किंवा मखमलीत नळ्या वर्षभर ठेवू नका. तिन्ही ओल धरतात आणि चामड्याचं टॅनिन गंजाला हातभार लावतं. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांच्या वालुकाश्माच्या भिंती पावसाळ्यात ओल्या होतात, तेव्हा भिंतीला टेकवून टांगायचं असेल तर मागे लाकडी पट्टी द्या. कपाटात सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळ्या पाहा.

खंडेनवमीला ओलं गंध आणि हळद-कुंकू नळीवर थेट लावण्याऐवजी दस्त्यावर लावा, किंवा नळीवर लावायचंच असेल तर आधी मेणाचा थर पक्का असू द्या. पूजा झाली की त्याच संध्याकाळी कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून, कोरडं करून, तेलाचा हात फिरवा. रात्रभर राहिलेल्या गंधाखाली सकाळी गोल केशरी डाग तयार असतो, आणि तो काढायला पुन्हा स्टील वूल हातात घ्यावं लागतं.